पोल महावितरणचा, तार केबलवाल्याची

वरवट बकालसारख्या गावात फायबर आलं का, असं विचारलं तर दोन उत्तरं मिळतात आणि दोन्ही खरी असतात. सरकारी कागद ग्रामपंचायतीच्या कार्यालयाकडे बोट दाखवतो. केबल तिथवर पोचली की गाव ‘जोडलं गेलं’. घरमालक स्वतःच्या भिंतीकडे बोट दाखवतो, तिथं काहीच पोचलेलं नसतं. मधलं अंतर जेमतेम तीनशे-चारशे मीटरचं. मुंबईहून निघालेला प्रकाश डोळ्याचं पातं लवायच्या आत शेगावला येतो आणि या तीनशे मीटरांत अडतो. कारण या टप्प्यात तार ज्यांवरून न्यायची, ते आठ-दहा सिमेंटचे पोल इंटरनेटवाल्याचे नसतात.

ब्रॉडबँडवर लिहिताना आपण वेगाबद्दल लिहितो, दराबद्दल लिहितो, फार तर खोदकामाबद्दल. पोल कुणाच्या खिजगणतीत नसतो. गावातल्या घरापर्यंत फायबर जाणार की नाही, हे मात्र आज पोलावर कुणाला, किती आणि कशाच्या बदल्यात जागा मिळते यावर ठरतं. आणि हा हिशेब बहुतेक गावांत कुणी लिहून ठेवलेला नाही.

बुलडाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातलं वरवट बकाल हे रस्त्यांवरचं गाव. शेगावहून येणारा रस्ता इथं जळगाव जामोद आणि तेल्हाऱ्याकडच्या रस्त्याला मिळतो. उत्तरेला सातपुड्याची रांग, दक्षिणेला पूर्णा आणि अवतीभवती खारपाणपट्ट्याची काळी जमीन. आसपासच्या खेड्यांतली माणसं बाजाराला, बँकेला, कृषी केंद्रात अशाच गावी येतात. सातबारा, पीकविमा, ई-पीक पाहणी, कापसाची हमीभावाची नोंदणी, पोरांचे परीक्षेचे अर्ज, सगळं आता ऑनलाइन. मोबाइलवर भागतं खरं, पण संध्याकाळी सगळा गाव एकदम फोन उघडतो आणि टॉवर दमतो. ज्याला रोज दहा लोकांचे फॉर्म भरून द्यायचे आहेत किंवा घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करायचं आहे, त्याला तारेचंच इंटरनेट लागतं.

बरं, मोठी वाहिनी फार दूर आहे असंही नाही. मुंबई–हावडा लोहमार्ग शेगावातून जातो आणि २००० साली स्थापन झालेल्या रेलटेलने देशभर आपलं जाळं रुळांच्या कडेकडेनेच पसरलं. उच्चदाबाच्या मनोऱ्यांवर सगळ्यात वर जी भू-तार असते, तिच्या पोटातच फायबर घालायची पद्धत पॉवरग्रिडने कधीची रूढ केली आहे. काचेतून प्रकाश जातो, वीज जात नाही. शेजारून चार लाख व्होल्ट गेले तरी त्या प्रकाशाचं काही बिघडत नाही. तेव्हा वीज आणि इंटरनेट एका आधारावर राहू शकत नाहीत, हा समज खोटा आहे. मनोऱ्यावर दोघं रीतसर राहतात. गल्लीतल्या पोलावर मात्र त्यांचं राहणं तोंडी व्यवहाराचं असतं.

जुन्या काळी प्रत्येक तारेला आपला खांब होता. तारायंत्राला होता, टेलिफोनला होता. सी-डॉटने बनवलेली १२८ लाइनींची छोटी एक्स्चेंजं १९८६ पासून खेड्यांत बसू लागली, तेव्हा फोनच्या तारा दूरसंचार खात्याच्या लोखंडी नळीच्या खांबांवरून घरोघर गेल्या. मोबाइल आला, तांब्याच्या तारा चोरीला गेल्या, खांब गंजले, काही भंगारात गेले, काहींना कुणी म्हशी बांधल्या. फायबर गावात यायची वेळ झाली तोवर टेलिफोनच्या तारेचा वारसा संपलेला होता. स्वतःचा खांब नसताना गावात आलेली पहिली सरकारी तार म्हणजे फायबर.

केबल टीव्हीची तार मात्र पहिल्यापासून बिनखांबाचीच होती. १९९१ च्या आखाती युद्धानंतर शहरांत आणि मग तालुक्यांत डिश अँटेना आल्या. केबलवाल्याने गच्चीवरून गच्चीवर, निंबाच्या फांदीवरून आणि शेवटी विजेच्या पोलावरून कोॲक्स ओढली. केबल टीव्हीचा कायदा १९९५ साली आला, तोवर गावोगाव तारा लागूनही गेल्या होत्या. आज फायबरचं कनेक्शन द्यायला येतो तो बहुतेक वेळा तोच माणूस किंवा त्याचा मुलगा. कंपन्या आणि बीएसएनएलसुद्धा शेवटच्या टप्प्याचं काम कमाईत वाटा देऊन अशा स्थानिक भागीदारांवर सोपवतात. त्याच्याकडे शिडी आहे, ओळखी आहेत, कुठल्या पोलावर कुठून चढायचं ते ठाऊक आहे. परवानगीचा कागद मात्र तीस वर्षांपूर्वी नव्हता, आजही क्वचितच असतो.

सरकारी योजनेचा प्रवास थोडक्यात सांगतो. राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर नेटवर्कला केंद्राने ऑक्टोबर २०११ मध्ये मंजुरी दिली, पुढे त्याचं नाव भारतनेट झालं. पहिल्या टप्प्यात मुख्यतः जमिनीखालून केबल टाकली. ठरलेली खोली १.६५ मीटर, आत प्लास्टिकची नळी, नळीत फायबर. २०१७ मध्ये दुसरा टप्पा मंजूर झाला, त्यात राज्यांना वाटा मिळाला आणि विजेच्या खांबांवरून केबल नेण्यालाही जागा ठेवली गेली. महाराष्ट्रात हे काम महानेट या नावाने राज्य सरकारच्या महाआयटी कंपनीकडे आलं. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने सुधारित कार्यक्रम मंजूर केला. खर्च सुमारे १ लाख ३९ हजार कोटी, जबाबदारी बीएसएनएलकडे, केबलची रचना वर्तुळाकार, म्हणजे एका बाजूने तुटली तर दुसऱ्या बाजूने चालू राहील अशी. दीड कोटी ग्रामीण घरांना फायबर जोडणी द्यायचं लक्ष्यही त्यात आलं.

या सगळ्या वाटचालीत पंचायतीपर्यंतच्या केबलवर जेवढा विचार झाला, त्याच्या पावपटही पंचायतीपासून घरापर्यंतच्या तारेवर झाला नाही. पंचायतीपर्यंतचं काम कंत्राटात मोजता येतं: इतके किलोमीटर, इतक्या ग्रामपंचायती. पुढचं काम गल्लीबोळातलं. तिथं मोजमाप पोलाचं असतं, आणि पोल दुसऱ्या खात्याचा.

गावातला एलटी, म्हणजे कमी दाबाच्या लाइनचा एखादा पोल जरा थांबून बघा. आठ मीटरचा सिमेंटचा पोल, दीडेक मीटर जमिनीत. वर एकाखाली एक उघड्या तारा: तीन फेजच्या, एक रस्त्यावरच्या दिव्याची, एक न्यूट्रल, सगळ्या चिनीमातीच्या इन्सुलेटरवर. त्याखाली घराघरांत गेलेल्या सर्व्हिस वायरी, प्रत्येकीला आधाराला जीआय तार. मग दिव्याचा दांडा. दिवा ग्रामपंचायतीचा, पोल महावितरणचा आणि दिव्याच्या बिलावरून दोघांची कायमची धुसफूस. त्याखाली केबल टीव्हीची कोॲक्स, तिच्यावर ॲम्प्लिफायरचा डबा. डब्याशेजारी फायबरची मोठी वेटोळी, पुढेमागे सांधा मारायला लागेल म्हणून सोडलेली जादा तार. बाटलीएवढा काळा जॉइंट बॉक्स. तिथून एक बारीक पांढरी ड्रॉप केबल तिरपी होऊन एखाद्याच्या गच्चीत शिरते. सगळ्यात खाली दादांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स आणि ताणतारेला बांधलेलं करडू.

एवढ्या तारा दिसल्या तरी फायबरला प्रत्यक्षात जागा किती उरते, ते मोजावं. कमी दाबाच्या विजेच्या तारेने रस्ता ओलांडताना जमिनीपासून किमान ५.८ मीटर आणि रस्त्याच्या कडेने जाताना ५.५ मीटर उंची राखली पाहिजे, असा नियम १९५६ च्या वीज नियमांपासून चालत आला आहे. म्हणजे साडेपाच मीटरच्या वरचा भाग विजेचा. खालून मर्यादा येते ती ट्रॉलीची. सोयाबीनचं कुटार किंवा कापसाची गाठोडी रचून भरलेली ट्रॉली चार मीटरला सहज भिडते, वर माणूस बसलेला असतो तो वेगळाच. या दोहोंमध्ये उरते दीडेक मीटरची पट्टी. त्यातही विजेच्या तारेपासून सुरक्षित अंतर सोडायचं. त्या हातभर जागेत केबल टीव्ही, बीएसएनएलचा भागीदार, खासगी कंपनीचा भागीदार आणि जुन्या, कुणाच्याच नसलेल्या मेलेल्या तारा. नवी तार टाकणारा जुनी मेलेली तार काढत नाही, कारण ती त्याची नसते. पोलावरची निम्मी गर्दी अशा तारांचीच असते, असं मी माझ्या डोळ्यांच्या भरवशावर म्हणतो.

सिमेंटचा पोल दुसरी एक अडचण सांगतो. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पोल सरळ उभा राहावा म्हणून खाली काँक्रीट आणि वळणावर ताण लागतो. दोन्हींत कसूर झाली की दोन-चार पावसाळ्यांत पोल कलतो. विजेच्या तारा दोन्ही बाजूंनी सारख्या ओढत असल्या तर तो तग धरतो. एका बाजूने चार-पाच केबली ताणल्या की तोल बिघडतो. फायबरची तार हलकी आहे, पण वळणावरच्या पोलावर तिचा ओढा एकाच दिशेने असतो आणि तिच्यासाठी वेगळी ताणतार कुणी मारत नाही. वळवाच्या वादळात असाच पोल आधी आडवा होतो, आणि वीज गेली की घरातला राउटरही गेला, हे ओघाने आलंच.

कायदा पोलापर्यंत आला, गल्लीत शिरला नाही

तारेसाठी दुसऱ्याच्या जागेवर खांब रोवायचा अधिकार देणारा कायदा आपल्याकडे १८८५ चा. तारायंत्र अधिनियमाने सरकारला तो दिला. विजेच्या खांबांना तसाच अधिकार मिळावा म्हणून २००३ च्या वीज कायद्यात कलम १६४ आलं. त्याच कायद्याचं कलम ५१ आपल्या कामाचं. वितरण कंपनीने आपल्या मालमत्तेचा पुरेपूर वापर व्हावा म्हणून दुसरा व्यवसाय करायला त्यात मुभा आहे. अट इतकीच की वीज नियामक आयोगाला कळवायचं, आणि त्या उत्पन्नाचा वाटा वीजग्राहकांचा वहनखर्च कमी करायला लावायचा. म्हणजे पोलाचं भाडं हा तुमच्या-माझ्या वीजबिलाशी जोडलेला पैसा आहे. पोलावर फुकट बांधलेली प्रत्येक तार हा वीजग्राहकाचा थोडासा तोटा असतो, हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

दूरसंचाराच्या बाजूने नोव्हेंबर २०१६ मध्ये मार्गाधिकाराचे, म्हणजे तार न्यायला वाट देण्याचे, नियम आले, अर्ज साठ दिवसांत निकालात निघाला नाही तर परवानगी मिळाली असं धरण्याची तरतूद आली. ऑक्टोबर २०२१ च्या दुरुस्तीने खांबावरून जाणाऱ्या तारेला किलोमीटरमागे एकदाच जास्तीत जास्त हजार रुपये भरपाई ठरली. ऑगस्ट २०२२ च्या दुरुस्तीत रस्त्यावरच्या सगळ्या उभ्या सांगाड्यांचा विचार झाला. विजेचा खांब, दिव्याचा खांब, बस थांबा, सगळे त्यात आले, आणि तार नेण्यासाठी खांबामागे वर्षाला १०० रुपये दर ठरला. दूरसंचार नियामक ट्रायनेही नोव्हेंबर २०२२ मध्ये या विषयावर स्वतंत्र शिफारशी केल्या. पुढे २०२३ चा दूरसंचार कायदा झाला आणि त्याखालचे मार्गाधिकाराचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून लागू झाले.

कागद उत्तम आहे. अडचण ही की हे हक्क परवानाधारकाला मिळतात आणि पोलावर चढतो तो परवानाधारकाचा भागीदार. त्याने तालुक्याच्या कार्यालयात अर्ज करायचा, की कंपनीने मुंबईतून? अर्ज गेलाच, तर पोल ‘लायक’ आहे हे कोण तपासणार? दोन-चार गावांचा भार एकट्या अंगावर असलेला लाइनमन? तेव्हा सगळ्यांना सोयीचा मार्ग निघतो: तोंडी. अमुक गल्लीत लाइन हवी असेल तर संवाद साधारण असा होतो.

‘‘दादा, आमच्या घरी कधी देता लाइन?’’

‘‘काका, तुमच्या तिकडं पोलच नाही ना. शेवटच्या पोलापासून दीडशे मीटर येते. मधात दोन पोल तुम्ही टाका, मी उद्याच तार देतो.’’

किंवा, ‘‘पोल आहे, पण त्यावर ते दुसरेवाले हात लावू देत नाहीत.’’

शेवटचं वाक्य ऐकून हसू येतं. महावितरणच्या पोलावर महावितरणला न विचारता बांधलेल्या तारेचा मालक दुसऱ्याला त्या पोलावर येऊ देत नाही! पण प्रत्यक्षात जागेची वाटणी अशीच होते: जो आधी चढला त्याचा पोल.

पैशाचाही हिशेब मांडून बघू. गावठाणात दोन पोलांत साधारण चाळीस-पन्नास मीटर अंतर असतं. मुख्य जॉइंटपासून चारशे मीटरवर घर असेल तर नऊ-दहा पोल लागले. नियमातल्या शंभर रुपयांनी वर्षाचे हजार. घर एकटं असेल तर महिन्याला चारशे-पाचशे रुपये देणाऱ्या ग्राहकाकडून मिळणाऱ्या पाच-सहा हजारांतले हजार पोलावरच गेले. भागीदाराच्या हाती कमाईचा निम्मा वाटा येतो, म्हणजे त्याच्या दृष्टीने तिसरा भाग गेला. त्याच ओळीत पंधरा घरांनी कनेक्शन घेतलं तर घरामागे सत्तर रुपयेसुद्धा पडत नाहीत. म्हणून दाट वस्तीत तार पटकन पोचते आणि गावाच्या टोकाला, पारधी बेड्याकडे, नव्या घरकुलांकडे ती पोचत नाही. दर कमी ठेवण्याइतकंच दोन-तीन कंपन्यांनी एकाच केबलमधले तंतू वाटून घेणं महत्त्वाचं आहे. २४ तंतूंच्या एका केबलने जे भागतं, त्यासाठी आपण पोलावर चार केबली लोंबवतो.

आंध्र, केरळ आणि रामंतापूर

पोलाचा वापर उघडपणे, धोरण म्हणून केला तो आंध्र प्रदेशाने. वीज वितरण कंपन्यांच्या खांबांवरून त्यांनी २४ तंतूंची, धातूचा अंशही नसलेली, स्वतःचं वजन स्वतः पेलणारी केबल सुमारे २३ हजार किलोमीटर ओढली. खर्च ३३३ कोटींच्या आसपास. खोदून हेच केलं असतं तर तो कित्येक पटींनी वाढला असता. डिसेंबर २०१७ मध्ये महिना १४९ रुपयांत इंटरनेट, टीव्ही आणि फोन अशी योजना सुरू झाली. पुढे सेवेच्या दर्जावरून, थकबाकीवरून, राजकारणावरून तिची बरीच परवड झाली. पण खांबावरून राज्य जोडता येतं हे त्यांनी दाखवलं. केरळने के-फोन उभारताना वीज मंडळालाच भागीदार करून घेतलं. केबल त्यांच्या खांबांवरून, यंत्रणेचे नाके त्यांच्या ३७५ उपकेंद्रांत. जून २०२३ मध्ये ते सुरू झालं. खांबाचा मालकच भागीदार असला की ‘चढू का’ हा प्रश्न उरत नाही. मला हे केरळचं गणित अधिक शहाणपणाचं वाटतं. महाराष्ट्रात महाआयटी एकीकडे, महावितरण दुसरीकडे, अशी घडी बसली.

याच्या उलट टोकाला रामंतापूर आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये हैदराबादच्या या भागात जन्माष्टमीचा रथ ओढताना विजेचा धक्का बसून पाच जण दगावले. त्यानंतर तिथल्या वीज कंपनीने शहरभर खांबांवरच्या केबली कापायला सुरुवात केली, हजारो घरांचं इंटरनेट बंद पडलं आणि एअरटेल उच्च न्यायालयात गेली. वीज कंपनी म्हणत होती, बेकायदा तारांनी माणसं मरतात. इंटरनेट कंपनी म्हणत होती, फायबरमधून वीज वाहत नाही. दोघांचंही खरं होतं. काचेतून वीज वाहत नाही, पण स्वस्त ड्रॉप केबलला ताकदीसाठी जी पोलादी तार जोडलेली असते तिच्यातून वाहते. कोॲक्सच्या जाळीतून वाहते. सर्व्हिस वायरच्या सोललेल्या जागी ही पोलादी तार घासली की गच्चीतल्या क्लॅम्पपर्यंत वीज येते. म्हणून पोलावर चढणारी केबल धातुविरहित, फायबरग्लासच्या दांडीची असावी, हा आग्रह पहिला. रुपया-दोन रुपये मीटरमागे वाचवायला लोखंड चढवणारा भागीदार लाइनमनच्या जिवाशी खेळतो.

आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीत तारा वर उचलून धरायला लांब बांबू घेतलेली दोन पोरं ट्रॅक्टरवर उभी असतात. ती विजेची तार कुठली, केबलची कुठली, हे रंगावरून ओळखतात. दोन्ही काळ्या असतात.

बाहेरच्या देशांत हा वाद जुना आहे. अमेरिकेने १९७८ मध्येच खांबावरच्या जागेच्या भाड्याचा कायदा केला. तरी नव्या तारेसाठी जुन्या कंपन्यांनी आपापल्या तारा सरकवून द्यायच्या, या एका पायरीवर वर्षं जात. लुइव्हिल शहराने २०१६ मध्ये एकाच फेरीत सगळ्यांच्या तारा सरकवायची मुभा नव्या कंपनीला दिली, तर जुन्या कंपनीने दावा ठोकला. त्या शहरात गूगलने दोन इंच खोल चरीत केबल पुरायचाही प्रयोग केला. केबल रस्त्यातून वर आली आणि २०१९ मध्ये गूगल तिथून निघून गेली. इंग्लंडात हल शहरातली माणसं दारासमोर नवे खांब नकोत म्हणून रस्त्यावर उतरली. जपानमध्ये फायबर मुख्यतः वीज आणि टेलिफोनच्या सामाईक खांबांवरून गेलं, आणि तिथली अडचण अगदीच वेगळी निघाली: एका जातीचा मोठा सिकाडा कीटक ड्रॉप केबलला वाळकी काडी समजून तिच्यात अंडी घालायचा, काच तुटायची. शेवटी केबलची रचना बदलावी लागली.

आपल्याकडे त्या कीटकाची जागा वानरांनी घेतली आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या गावांत वानरांची टोळी गच्चीवरून पोलावर आणि पोलावरून निंबावर जाते, मधली केबल हा त्यांचा झोका. वाराणसीच्या घाटांवर माकडांनी फायबर कुरतडल्याची बातमी २०१५ मध्ये जगभर गेली होती. इथं ती बातमी होत नाही, फक्त राउटरवर लाल दिवा लुकलुकतो. ‘‘लाल लाइट आली,’’ असा फोन केबलवाल्याला जातो.

तो येतो, शिडी लावतो, सांधा मारतो. पण प्रत्येक सांध्यात प्रकाश थोडा गळतो. एक्स्चेंजच्या टोकाला निघालेल्या प्रकाशाला वाटेत साधारण २८ डेसिबेलपर्यंत घट परवडते. एका तंतूवर बत्तीस घरं वाटली की त्यातले सतराएक तिथंच संपतात. उरलेल्या दहा-अकरात किलोमीटरचं अंतर, जोड आणि वळणं भागवायची. यंत्राने नीट वितळवून मारलेला सांधा दशांश डेसिबेलसुद्धा खात नाही. घाईत हाताने केलेला अर्धा खातो, आणि खिळ्याला काटकोनात वाकवलेली तार तर कित्येक. वर्षात चार-सहा वेळा तुटणाऱ्या तारेचं कनेक्शन हळूहळू अशक्त होत जातं आणि ग्राहक म्हणतो, कंपनी स्पीड देत नाही. त्याच्या घराशेजारचा, फांदीत घुसलेला पोल कुणी बघत नाही.

मग सरळ जमिनीखालून का नको? गावाबाहेर जरूर. पूर्णेच्या गाळाच्या मातीत खडक फोडावा लागत नाही. पण तिथंही जेसीबी आहेच. रस्ता रुंद करायला, जलजीवन मिशनची पाइपलाइन टाकायला, नाली काढायला चर खणला की केबल तुटते. खोदण्याआधी कळवा, असं सांगणारं ॲप मार्च २०२३ मध्ये पंतप्रधानांच्या हस्ते सुरू झालं. गावातल्या जेसीबीवाल्याने ते उघडल्याचं मी पाहिलेलं नाही. जुलै २०२३ च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांची जी दैना झाली, तशा पुरात मोऱ्यांजवळची माती वाहून जाते आणि पुरलेली नळीही उघडी पडते. गावठाणात तर खोदायची सोयच नाही. दहा वर्षांत गल्लोगल्ली सिमेंटचे रस्ते आणि पेव्हर ब्लॉक आले. नवा रस्ता फोडायला कुठला सरपंच होकार देईल? सिमेंट ओतण्याआधी कडेने एक रिकामा पाइप टाकून ठेवला असता तर हा प्रश्नच आला नसता. अंदाजपत्रकात ती ओळ घालायची राहिली, आणि आजही बहुतेक ठिकाणी राहते.

म्हणून माझं मत पोलाच्या बाजूने आहे, पण आहे त्या अवस्थेतल्या पोलाच्या नव्हे. महावितरण गावठाणातल्या उघड्या तारा काढून एबी केबल, म्हणजे एकत्र पिळलेली इन्सुलेटेड तार टाकत असते. ते काम गावात होत असतानाच फायबरची पट्टी ठरवून टाकावी. पाच तारांची जागा एका जुडीने घेतली की वर बरीच जागा मोकळी होते आणि धक्क्याची भीतीही घटते. पोलावर क्रमांक असतो, त्या क्रमांकावर कुणाची केबल आहे याची नोंद महावितरणकडे आणि पंचायतीकडे असावी. ज्या तारेचा धनी पंधरा दिवसांत पुढे येत नाही, ती कापावी. ही नोंद कुठल्याही ग्रामपंचायत अधिकाऱ्याला एका दुपारी करता येईल. आणि भाडं खरोखर वसूल झालं तर त्यातला काही भाग पोलाच्या बुडाच्या काँक्रीटवर खर्च व्हावा, एवढी अपेक्षा गैर नाही.

गावठाणाबाहेरचं, वावरातलं घर हा वेगळा विषय आहे आणि त्यावर मला सोपं उत्तर दिसत नाही. कृषिपंपाची लाइन जिथं गेली तिथं निदान पोलांची रांग होती. उद्या तिच्यावरून केबल नेता येईल अशी आशा होती. आता नव्या पंपासाठी सरकार ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ देतं. शेतकऱ्याच्या दृष्टीने ते बरंच आहे, दिवसा पाणी मिळतं, रात्रीची पायपीट वाचते. पण सौरपंपाला पोल लागत नाही. म्हणजे पुढची वस्ती जिथं वाढेल तिथं पोल असणारच नाहीत.

अशा घरांसाठी कंपन्यांनी तार सोडून हवेचा रस्ता धरला आहे. जिओचं एअरफायबर सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालं, एअरटेलचं त्याच्या महिनाभर आधी. पोलांच्या भानगडीत न पडता ग्राहक जोडायचा, हा त्यामागचा एक सरळ हेतू आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने स्टारलिंकशी इरादापत्र केलं, त्यात गडचिरोली, नंदुरबार, धाराशिवबरोबर आपल्या शेजारचा वाशिम आहे. उपग्रहाची तबकडी गावातल्या किराणा दुकानदाराला परवडेल का, हा प्रश्न वेगळा. एअरफायबरला मात्र जवळचा टॉवर लागतो, आणि त्या टॉवरलाही भरपूर ग्राहक पेलायचे तर खालून फायबरच लागतं. ते फायबर रस्त्याकडेच्या चरीतून येतं किंवा पोलावरून.